कार्डे पाठवली, पण वीज वाचली नाही. आता प्रबंधात काय लिहू?

प्रश्न : विदर्भातील एका शहरात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या ३६ वर्षांच्या सहायक प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. घरगुती वीजवापर आणि ग्राहकांचे वर्तन या विषयावर त्या पीएचडी करत आहेत. शहरातील काही सोसायट्यांमधील सुमारे ६०० घरांची संमती घेऊन त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दर महिन्याला एक कार्ड दिले. आपल्या सोसायटीतील तेवढ्याच आकाराच्या घरांपेक्षा आपण किती युनिट कमी किंवा जास्त वापरले, हे त्या कार्डावर लिहिलेले असे. दुसऱ्या गटाला काहीच दिले नाही. दोन उन्हाळे उलटल्यावर हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांच्या वीजवापरात सांगण्याजोगा फरक आढळला नाही. एसी असलेल्या घरांत आकडे बरे दिसतात, तेव्हा प्रबंध त्या घरांवरच उभा करावा, असे त्यांच्या मार्गदर्शकांचे मत आहे. दरम्यान वीजबचतीचे ॲप तयार करणाऱ्या एका कंपनीने सल्लागार म्हणून मानधन देऊ केले आहे. मात्र माहिती मिळाली की ग्राहक वीज वाचवतो, असा अहवाल कंपनीला हवा आहे. त्यातच गेल्या मे महिन्यात सासूबाईंसाठी घरात दुसरा एसी बसवावा लागला आणि तेव्हापासून आपण दुटप्पी वागत आहोत, ही टोचणी त्यांना लागली आहे. त्या विचारतात : माझे संशोधन फसले का? मार्गदर्शकांचे ऐकावे का? आणि लोक बदलणारच नसतील, तर हा विषय सोडून एखाद्या बँकेच्या संशोधन विभागात नोकरी पाहावी का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. ‘लोक बदलत नाहीत’ हे वाक्य त्यात चार ठिकाणी आले आहे. पण त्या ६०० घरांनी वीजवापर कमी का करायला हवा होता, हा प्रश्न एकदाही आलेला नाही. तुमच्या मनाला जे लागले आहे, त्याचे मूळ आकड्यांपेक्षा या न विचारलेल्या प्रश्नात अधिक आहे, असे मला वाटते. म्हणून आधी आकड्यांचे पाहू आणि मग तिकडे येऊ.

‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे तुम्ही दरवर्षी वर्गात शिकवत असाल. स्वतःच्या कामाची वेळ आली की मात्र तेच विसरायला होते. तुमच्या कार्डांची कल्पना जिथून आली, तो अमेरिकेतील अनुभव पाहा. ओपॉवर नावाची कंपनी वीज कंपन्यांच्या वतीने घरोघरी शेजाऱ्यांशी तुलना करणारे अहवाल पाठवत असे. हंट ऑलकॉट या अर्थशास्त्रज्ञाने सुमारे ६ लाख घरांच्या नोंदी तपासल्या आणि २०११ मध्ये असे दाखवले की, त्या अहवालांमुळे वीजवापर सरासरी २ टक्क्यांनी कमी झाला. एवढा बारीक फरक स्पष्ट दिसला, कारण हाताशी ६ लाख घरे होती. तुमच्याकडे एका गटात ३०० घरे आहेत. कोणाकडे महिनाभर पाहुणे असतात, कोणी सुट्टीत गावी जाते, कोणाचा फ्रिज जुना होऊन रात्रंदिवस चालू राहतो, कोणाच्या घरी बाळंतीण येते. अशा कारणांनी एकाच घराचा वापर महिन्यामहिन्याला इतका खालीवर होतो की २ टक्क्यांचा परिणाम खरोखर झालेला असला, तरी ३०० घरांच्या तुलनेत तो त्या चढउतारांत बुडून जाईल. माझ्या ढोबळ अंदाजाने पाच-सहा टक्क्यांहून मोठा परिणाम असता, तरच तो तुमच्या हाती लागला असता. नेमकी मर्यादा तुम्हाला तुमच्याच नोंदींवरून काढता येईल आणि ती प्रबंधात अगदी पुढच्या पानांवर लिहायला हवी. परिणाम अमुक टक्क्यांपेक्षा मोठा नाही, एवढे तुम्ही आज खात्रीने सांगू शकता, आणि हे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे नव्हे.

किंबहुना भारतात त्याचे मोल अधिक आहे. अनंत सुदर्शन यांनी आपल्याकडील घरांत केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर आठवड्याला तुलनात्मक माहिती मिळालेल्या घरांचा उन्हाळ्यातील वापर सुमारे ७ टक्क्यांनी घटला, पण त्याच माहितीला पैशांच्या बक्षिसाची जोड दिली तेव्हा तो परिणाम मावळला. तुमच्या आकड्यांची मर्यादा या ७ टक्क्यांना वगळते का, हे तपासा. वगळत असेल, तर तो फरक कशाने पडला असेल, यावर तुमच्याकडे एक आख्खे प्रकरण लिहिण्याजोगा मजकूर आहे : त्यांचा अहवाल आठवड्याचा होता आणि तुमचे कार्ड महिन्याचे, शहर वेगळे, उन्हाळा वेगळा, घरातील यंत्रे वेगळी. वगळत नसेल, तर तेही तसेच लिहावे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे आणि तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. संमती तुम्ही दोन्ही गटांकडून घेतलीत, आणि ते योग्यच केलेत. पण त्यामुळे कार्ड न मिळालेल्या घरांनाही आपला वीजवापर कोणीतरी पाहत आहे, हे ठाऊक होते. अमेरिकेतील एका प्रयोगात काही घरांना दर आठवड्याला फक्त एवढेच सांगणारे पोस्टकार्ड पाठवले होते की, तुम्ही वीजवापराच्या एका अभ्यासात सहभागी आहात. ना तुलना, ना सूचना. तेवढ्यानेच त्यांचा वापर २.७ टक्क्यांनी घटला आणि पोस्टकार्डे थांबल्यावर पूर्ववत झाला. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तुमच्या दोन्ही गटांवर अशीच नजर होती, तेव्हा दोघांमधील अंतर मुळातच आखडलेले असू शकते. वीजबिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. संमतीच्या आधीची बिले ज्या घरांकडे असतील, त्यांच्याकडून ती मागून घ्या आणि दोन्ही गटांचा वापर संमतीनंतर काही महिने उतरला होता का, ते पाहा.

ऑलकॉट यांच्या कामाकडे पुन्हा वळतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या कामाच्या पुढच्या प्रवासात दिसते. २०१४ मध्ये टॉड रॉजर्स यांच्याबरोबर त्यांनी असे दाखवले की, दोन वर्षे अहवाल पाठवून मग थांबवले, तर साधलेली बचत दरवर्षी १० ते २० टक्क्यांनी विरत जाते. २०१५ मध्ये त्यांनी अशा १११ प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले, तेव्हा अधिक अवघड गोष्ट समोर आली : पहिल्या १० ठिकाणी मिळालेली बचत नंतरच्या १०१ ठिकाणी तेवढी मिळाली नव्हती, कारण आधी पुढे आलेल्या वीज कंपन्या पर्यावरणाविषयी आधीच जागरूक असलेल्या भागांतील होत्या. २०१९ मध्ये जड केसलर यांच्याबरोबर त्यांनी घरांना असे विचारले की, हा अहवाल मिळत राहावा यासाठी तुम्ही किती मोल द्याल, आणि काही घरांनी तो न येण्यासाठीच मोल देण्याची तयारी दाखवली. म्हणजे एका संशोधकाने आपल्याच पहिल्या आशादायक निष्कर्षाला तीनदा कसोटीला लावले. ‘अहवालाने वीज वाचते’ या वाक्यापासून निघालेला अभ्यास ‘कोठे वाचते, किती दिवस वाचते आणि कोणाला त्याचा जाच होतो’ इथवर आला. विदर्भातील एका शहरात, महिन्याच्या कार्डाने, ६०० घरांत मोठा परिणाम दिसला नाही, हे तुमचे विधान या मालिकेत सहज बसते. तुमचे संशोधन फसलेले नाही. फसली आहे ती तुमची अपेक्षा, आणि ती अपेक्षा प्रयोग करणाऱ्याने आधीच मनात धरायची नसते.

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. शेजाऱ्यांशी तुलना करणारे कार्ड ज्या समाजात जन्माला आले, तिथे दरडोई वीजवापर वर्षाला १२,००० युनिटांच्या आसपास आहे. आपल्याकडे शेती आणि उद्योग धरूनही तो सुमारे १,४०० युनिट आहे. तिथल्या घराचा वापर घटला की बहुधा उधळपट्टी घटते. आपल्याकडे वापर घटला म्हणजे उधळपट्टी घटली, की आजीने दुपारी पंखा बंद करून ओसरीवर बसणे पसंत केले, हे मीटर सांगत नाही. तुम्ही जी घरे निवडली ती सोसायटीतील, म्हणजे बऱ्यापैकी सुस्थितीतील आहेत, हे मला मान्य आहे; तरीही त्यांच्यात किती अंतर असते, ते तुम्ही विदर्भात राहणाऱ्या असल्याने माझ्यापेक्षा अधिक जाणता.

तुमच्या कार्डावर तुलना होती ती समान आकाराच्या घरांशी. दोन खोल्यांच्या एका फ्लॅटमध्ये खिडकीत कूलर बसवलेला आहे आणि तो साधारण २०० वॅट घेतो. शेजारच्या तशाच फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी आहे आणि तो चालू असताना १,५०० वॅटच्या घरात जातो. कार्डाने कूलरवाल्या घराला ‘तुम्ही फार कमी वापरता’ असे सांगितले आणि एसीवाल्या घराला ‘तुम्ही फार जास्त वापरता’ असे. पहिल्या घराने कदाचित कसलीच काटकसर केलेली नव्हती; त्याला एसी परवडत नव्हता. दुसऱ्या घरात कदाचित आजारी माणूस होता. कार्डाने मोजली ती ऐपत आणि गरज, आणि कुटुंबांना मात्र ती शाबासकी किंवा ठपका म्हणून वाचावी लागली. मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे सुमारे २९० घरांवर केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्ही नक्कीच वाचला असेल : सरासरीपेक्षा जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण सरासरीपेक्षा कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला, आणि ती वाढ रोखण्यासाठी कार्डावर हसरा चेहरा काढावा लागला. तुमच्याकडेही असेच दोन विरुद्ध दिशांचे बदल एकमेकांना खोडून शून्य झाले असतील का? कूलरवाल्या एखाद्या घराने, आपल्याला अजून बरीच मोकळीक आहे असे समजून, हप्त्यावर एसी घेतला असेल का? प्रयोगापूर्वी सरासरीच्या वर असलेली आणि खाली असलेली घरे वेगळी काढून, दोन्हीकडे कार्ड मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांची तुलना केली, तर हे काही अंशी उलगडेल.

‘लोक बदलत नाहीत’ हे खरे आहे का, तेही एकदा पाहू. तुमच्याच घरातील दिवे आठवा. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, सरकारी खरेदीत एलईडी दिव्याचा भाव २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला, आणि पुढे या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पिवळा बल्ब घरांतून गेला तो कोणी शेजाऱ्याचे कार्ड पाठवल्याने नाही, तर दुकानात स्वस्त आणि चांगली वस्तू आली म्हणून. एसीच्या बाबतीत १ जानेवारी २०२० पासून असा नियम झाला की स्टार लेबल असलेला नवा एसी सुरू केल्यावर तो आपोआप २४ अंशांवर लागावा. ज्याला कमी हवे त्याने रिमोट हातात घेऊन ते करावे. यात कोणाच्या सद्सद्विवेकाला हाक घातलेली नाही. लोक बदलतात, पण बदलाची जागा पुष्कळदा वस्तूत, किमतीत आणि आधीपासून ठरवून ठेवलेल्या पर्यायात असते. तुमच्या कार्डाने ती जागा कुटुंबाच्या इच्छाशक्तीत आहे, असे गृहीत धरले होते.

इच्छा असली तरी कुठे हात घालायचा, हे कार्ड सांगत नव्हते, हेही लक्षात घ्या. शहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५०५ अमेरिकन लोकांना घरातील यंत्रे किती वीज घेतात हे विचारले, तेव्हा मोठ्या यंत्रांचा वापर लोकांनी फारच कमी धरला आणि दिवे बंद करण्यासारख्या गोष्टींना नको तेवढे महत्त्व दिले. आपल्याकडे याहून निराळे असेल, असे मला वाटत नाही. ९ वॅटचा दिवा सलग १११ तास विसरला, तर एक युनिट जळते. २,००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला की तेवढेच युनिट जळते. तरीही मुलांना रागे भरले जाते ते दिव्यावरून. शिवाय महाराष्ट्रात घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर बदलतो, पण आपण आज कोणत्या टप्प्यात आहोत, हे महिना सरेपर्यंत क्वचितच कोणाला माहीत असते. कोइचिरो इतो यांनी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील नोंदींवरून असे दाखवले आहे की, अशा टप्प्यांच्या दरपत्रकात ग्राहक शेवटच्या युनिटाच्या दराला नव्हे, तर बिलाच्या सरासरीला प्रतिसाद देतात. त्यात अडाणीपणा नाही. बिलाची एकूण रक्कम पाहणे हीच संसार चालवणाऱ्या माणसाला झेपणारी पद्धत आहे.

मार्गदर्शकांविषयी तुम्ही थोड्या कडवटपणे लिहिले आहे. मी त्यांची बाजू घेत नाही, पण आमच्या पिढीतील अनेकांना आकडे काही बोलेपर्यंत त्यांना विचारत राहावे, असेच शिकवले गेले आणि त्यात फसवणूक आहे असे कोणाला वाटत नव्हते. अडचण अशी आहे की घरांचे २० प्रकारे गट पाडून पाहिले, तर ५ टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोगाने चुकण्याची मुभा धरून, त्यातील एखादा गट निव्वळ योगायोगानेही ‘लक्षणीय’ ठरतो, आणि वाचकाला फक्त तोच दाखवला, तर बाकीचे १९ कोणालाच कळत नाहीत. तेव्हा एसीवाल्या घरांचा निष्कर्ष टाकूनही देऊ नका आणि त्यावर प्रबंधही उभारू नका. मुख्य प्रकरणात सर्व ६०० घरांचा निकाल, आधी ठरवलेल्या पद्धतीने, त्याच्या मर्यादेसह द्यावा. पुढच्या प्रकरणात तुम्ही पाडून पाहिलेले सर्वच्या सर्व गट एका तक्त्यात द्यावेत, त्यात एसीचा गटही यावा आणि मी वर सुचवलेला सरासरीच्या वर-खालचा गटही, आणि हे धागे निकाल पाहिल्यानंतर सुचले आहेत, असे स्वच्छ लिहावे. मार्गदर्शकांकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी या दोन प्रकरणांचा कच्चा खर्डा घेऊन जा आणि बाहेरचे परीक्षक ‘एसीचीच घरे का घेतली’ असे विचारतील तेव्हा आपण काय उत्तर देऊ, हे त्यांनाच विचारा. अनुभवी मार्गदर्शकाला हा प्रश्न बरोबर कळतो. एसीवाल्या घरांविषयीचे त्यांचे निरीक्षण पुढच्या उन्हाळ्यात नव्याने तपासण्याजोगे आहे, हेही त्यांना मनापासून सांगा, कारण ते खरेच आहे. त्या वेळी मात्र प्रयोगाचा आराखडा आधी नोंदवून ठेवा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१३ पासून यासाठी सार्वजनिक नोंदवही ठेवली आहे आणि तिच्यात कोणत्याही देशातील संशोधकाला नोंद करता येते.

कंपनीच्या प्रस्तावाला केवळ तो कंपनीचा आहे म्हणून नकार द्यावा, असे मी म्हणणार नाही. ऑलकॉट यांचे काम कंपनीने दिलेल्या नोंदींवरच उभे राहिले आणि तरीही प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध होऊ शकले. म्हणून करारात तीन गोष्टी लेखी मागा : निकाल कोणताही आला तरी तो प्रसिद्ध करण्याचा तुमचा अधिकार, अहवालाचा मसुदा बदलण्याचा अधिकार कंपनीला नसणे, आणि तुम्ही घेतलेल्या मानधनाचा प्रत्येक लेखात उल्लेख. हे त्यांना मान्य असेल, तर त्यांच्याकडील मोठी ग्राहकसंख्या तुमच्या ६०० घरांची उणीव भरून काढेल. मान्य नसेल, तर त्यांना संशोधक नको, जाहिरात हवी आहे, आणि ती तुमच्या नावाने देऊ नका. पत्रावरून मला हे दुसरेच अधिक संभवते.

सासूबाईंच्या एसीविषयी मी थोडे अधिक लिहितो, कारण पत्रातील तोच परिच्छेद तुम्ही सर्वांत घाईने उरकला आहे. मेक्सिकोत सरकारने जुने फ्रिज आणि एसी बदलून कमी वीज घेणारे नवे देण्याची योजना राबवली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, फ्रिज बदललेल्या घरांचा वीजवापर ८ टक्क्यांनी घटला, पण एसी बदललेल्या घरांचा वाढला. यंत्र कमी खर्चात चालू लागले की माणसे ते जास्त वापरतात, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी कोळशाबाबत १८६५ मध्येच नोंदवले होते. वीजबचतीच्या हिशेबात योजनेतील एसीचा भाग तोट्यात गेला. पण ज्या घरात पूर्वी उकाड्यात झोप लागत नव्हती, तिथे ती लागू लागली असेल, तर त्या झोपेला काही किंमत आहे आणि अर्थशास्त्राने ती मोजायला हवी. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो आणि जूनमध्ये दमट हवा आली की कूलर नुसते पाणी उडवतो. अशा वेळी वृद्ध माणसासाठी एसी बसवणे, हा तुमच्या विषयाशी द्रोह नाही. उलट कूलरकडून एसीकडे जाणारे घर नेमके कोणत्या दिवशी, कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून जाते, हा प्रश्न तुमच्या स्वतःच्या घरात घडला आहे. त्याची लाज बाळगलीत, तर इतर घरांना तो प्रश्न तुम्ही मोकळेपणाने कधीच विचारू शकणार नाही. संशोधकाने आदर्श ग्राहक असावे, ही अट कोणी घातलेली नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना आपल्यापेक्षा हलके समजू नये, एवढी अट मात्र मी घालीन.

विषय सोडावा का? तुम्ही थकला असाल, तर सोडा. सहा तास शिकवून, संध्याकाळी सोसायट्यांचे जिने चढून, रात्री आकडे भरण्यात दोन वर्षे घालवलेल्या माणसाला थकण्याचा हक्क आहे आणि बँकेतील संशोधनाचे काम कमी दर्जाचे नाही. फक्त प्रबंध पूर्ण करून सोडा. लोक बदलत नाहीत म्हणून सोडणार असाल, तर तसे कारण मला तुमच्या नोंदींत दिसत नाही. तुमच्यासारखे मोजणारे लोक या क्षेत्रात किती लागतात, याची दोन उदाहरणे देतो. मिशिगनमध्ये ३० हजारांहून अधिक गरीब घरांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरे उष्णतारोधक करण्याच्या योजनेतून होणारी बचत अभियंत्यांनी प्रत्यक्षाच्या तीन पटींहून अधिक धरली होती, असे आढळले. ओडिशात सुधारित चुलींची चार वर्षे पाहणी झाली. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या त्या चुली घरात आल्यावर दुरुस्तीविना पडल्या, वापर घटत गेला आणि आरोग्यावर टिकाऊ परिणाम दिसला नाही. घरात जाऊन कोणी मोजले नसते, तर दोन्ही योजना यशस्वी म्हणूनच गणल्या गेल्या असत्या. आज घरांच्या छपरांवरील सौर पॅनेलसाठी केंद्र सरकार ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देत आहे. पॅनेल बसल्यावर घरे किती वीज वापरू लागतात, हा प्रश्न तुमच्याच शहरात उभा आहे.

राहणे आणि सोडणे यांच्यामध्येही एक वाट आहे. वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो आणि तिथे ग्राहक व संस्था आपले म्हणणे मांडतात. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने अशा कामाची परंपरा निर्माण केली आहे. विदर्भातील घरे उन्हाळ्यात कोणत्या टप्प्यात जातात आणि का, हे ६०० घरांच्या नोंदींवरून सांगणारे निवेदन तिथे उपयोगी पडेल, आणि त्यासाठी पूर्णवेळ संशोधक असावे लागत नाही.

या विषयात येऊ पाहणाऱ्या इतर विद्यार्थ्यांनीही हे वाचावे, म्हणून दोन गोष्टी जोडतो. मीटरच्या नोंदींवरून घर कधी रिकामे असते, हे कळते. त्यामुळे संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत असावे, नावे आणि आकडे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, आणि २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा एकदा वाचून काढावा. दुसरी गोष्ट, प्रयोग आखण्याआधी पंचवीसएक घरांत जाऊन बसावे. बिल कोण भरतो, कूलरचे बटण कोणाच्या हातात असते, गीझर घरमालकाचा आहे की भाडेकरूचा, कार्ड आले तर ते कोण वाचेल, हे विचारावे. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी शहराच्या पाहण्या घरोघर माणसे पाठवून केल्या. आपल्या भाषेतील अर्थशास्त्राला ही सवय जुनी आहे आणि संगणकामुळे ती सुटू नये, असे मला फार वाटते. तुमच्या प्रबंधातही ही उणीव राहिली आहे. ती अजून भरून काढता येते, कारण ती ६०० घरे तुम्हाला ओळखतात.

त्या घरांना तुम्ही निकाल कळवला आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. कळवला नसेल, तर एका पानावर, कोणालाही दोष न देता, काय मोजले आणि काय दिसले ते लिहा, आणि खाली एक रिकामी चौकट ठेवा : ‘या दोन वर्षांत तुमच्या घरात काय बदलले?’ हे पान मार्चअखेरीस, कूलरच्या ताट्या बदलण्याच्या दिवसांत, स्वतः घेऊन जा.